अर्जातला डोंगर

धुळ्याहून सातपुडा दिसत नाही. लळिंगचा डोंगर दिसतो, पण तो घरचाच. श्रावणात डबे बांधून जायचं, किल्ल्यावर दमून बसायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. सातपुडा उत्तरेला, तापीच्या पलीकडे; एसटीनं अर्धा दिवस आणि पुढे पायी. पण त्या काळी जिल्हा एकच होता. शहादा, तळोदा, अक्राणी, सगळ्यांचे हुकूम धुळ्याच्या कचेऱ्यांतून निघायचे. त्यामुळे नोकरदाराच्या घरात डोंगराचं नाव रोज निघे, आणि ते निघालं की घरातली बाई हातातलं काम थांबवून ऐके. कारण डोंगर म्हणजे बदली.

‘अक्राणीला टाकलं’ असं म्हणायचे. पाठवलं नाही, टाकलं. साहेबाशी कुणाचं वाकडं आलं, कुणाच्या मागे बोलणारं कुणी नसलं, की तो माणूस डोंगरात. डोंगरातून खाली जे येई ते मात्र सगळं चालायचं. चारोळी यायची, डिंक यायचा, मध, बांबू, सागवान यायचं. आमच्या गल्लीतली प्रत्येक तुळई सातपुड्याची होती. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक तिकडचाच हवा म्हणून बायका हट्ट धरत. त्या डोंगरात आपल्या घरचं माणूस जायला मात्र नको होतं. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. साठ-एकसष्टच्या सुमाराला त्यांना अक्राणीच्याही पलीकडे एका पाड्यावर टाकलं. चौथीपर्यंतची शाळा, एकच खोली, एकच मास्तर. आम्ही धुळ्यातच राहिलो, कारण तिथे घर नव्हतं आणि आम्हा तिघा भावंडांच्या शाळा इथे होत्या. नाना दिवाळीला यायचे आणि मे महिन्यात यायचे. येताना एका फडक्यात चारोळी, एका बाटलीत मध. आई ती चारोळी वाटीवाटीनं गल्लीत वाटायची, आणि बायका म्हणायच्या, गुरुजींचं बरं आहे, मध खाऊन राहतात.

नानांनी कधी तक्रार केली नाही. पत्रं यायची, तीही चार ओळींची. पाऊस झाला. पटावर एकतीस मुलं, त्यात सहा मुली. नदी उतरली की टपाल येईल. तुम्ही सर्व ठीक असाल. आम्ही वाचायचो आणि आई डोळ्यांना पदर लावायची. तक्रार करत नाहीत म्हणजे सोसतायत, असा आमच्याकडचा हिशेब. माणूस सुखात असला तर तसं लिहील की. आमच्या गल्लीत सुखात असलेल्या माणसाचं पत्र कधी आलं नव्हतं, मग ते कसं असतं हे आम्हाला कुठून कळणार?

आईचे मात्र हाल होते, ते खरं. पहाटे नळावर नंबर, मग दळण, मग आमची भांडणं, धाकट्याचा दमा, घरमालकाची बोलणी. ती अहिराणी बोलणारी, खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरची. तिला शहर कधी आपलं वाटलं नाही. संध्याकाळी चुलीपुढे बसली की पाठ भिंतीला टेकायची आणि तशीच बसून राहायची. एकदा मला म्हणाली, “त्यासले एकदाव खाले आन माय. मंग मी तुले काही सांगाव नही.”

मला का सांगितलं, तर गल्लीचे अर्ज मी लिहायचे म्हणून. मॅट्रिक झाल्यावर मी एका शाळेच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते, पण बदलीचा अर्ज टाइप केलेला चालत नसे. तो हातानं लिहिलेलाच हवा, म्हणजे साहेबाला त्यात माणूस दिसतो, असा समज होता. माझं अक्षर चांगलं होतं. त्यामुळे कुणाला डोंगरात टाकलं की त्याची बायको आमच्या ओट्यावर येऊन बसायची आणि मी लिहायची. ‘सादर विनंती अर्ज करतो की, माझी वृद्ध माता अंथरुणास खिळून असून सदर ठिकाणचे पाणी दूषित आहे, तेथे बारमाही हिवताप असतो व श्वापदांचा उपद्रव आहे, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा.’ मी डोंगर बघितलेला नव्हता. साहेबानंही बघितलेला नसावा. शेजारच्या अक्काच्या नवऱ्याच्या अर्जात मी एक वाघ घातला. अक्का म्हणाली, “अगं वाघ कशाला? हे म्हणतात तिथं ससाही दिसत नाही.” मी म्हटलं, साहेबाला कुठं ठाऊक. अक्काचा नवरा दोन महिन्यांत खाली आला, आणि माझं नाव झालं.

अशा अर्जांतूनच धुळ्याला सातपुडा ठाऊक होता. त्यात फक्त ताप आणि साप.

मग मी नानांचा अर्ज लिहिला. वीस वर्षांची होते. वृद्ध माता नव्हती, म्हणून आईलाच आजारी केलं. वाघ घातला नाही, नानांच्या अर्जात थाप नको असं वाटलं, म्हणजे बघा. सही नानांचीच हवी होती. त्यांची पत्रं समोर ठेवून मी कॅलेंडरच्या पाठीवर दोन दिवस ती गिरवली. तिसऱ्या दिवशी त्यांची कुठली आणि माझी कुठली, मलाच ओळखू येईना. आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, “त्यासले इचारं का?” मी म्हटलं, “त्यात विचारायचं काय?” ती पुन्हा भाकरीकडे वळली. अर्ज मी स्वतः कचेरीच्या खिडकीत नेऊन दिला.

हुकूम निघाला तो सहासष्टच्या जूनमध्ये. नाना आले ते एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. आईनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं आणि मी कितीतरी दिवसांनी तिला हसताना बघत होते. नाना ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “पाड्यावरची माणसं पायथ्यापर्यंत आली होती सोडायला.” एवढंच. मी शाबासकीची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. अर्ज कुणी केला, असं त्यांनी विचारलं असतं तर मी छाती फुगवून सांगितलं असतं. त्यांनी विचारलंच नाही. दोन पोळ्या खाल्ल्या आणि पडले.

धुळ्यात त्यांना ज्या शाळेत नेमलं तिथे एका वर्गात सत्तर पोरं. खिडकीबाहेर गिरणीची भिंत. नाना घरी यायचे ते घसा बसून. कपडे बदलायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे, रात्रीच्या जेवणापर्यंत. पूर्वी सुट्टीत आले की गोष्टी सांगायचे, आता गप्प. आई मला म्हणे, दमतात ते. आम्ही सगळेच दमत होतो, त्यात नवल काय.

त्याच महिन्यात एक तरुण मास्तर माझ्याकडे आला. नवं लग्न झालेलं. हातात हुकूम, डोळ्यांत पाणी. त्याला नानांच्याच जागी टाकलं होतं, त्याच पाड्यावर. मी गावाचं नाव वाचलं आणि मला क्षणभर बरं वाटलं, की आपला माणूस सुटला. मग त्याचा अर्ज लिहिला. वृद्ध माता, दूषित पाणी, हिवताप. महिन्याभरात त्याचं रद्द झालं. पुढच्या वर्षी दुसरा आला, त्याच जागेचा. त्याचाही लिहिला. मग तिसरा. नाना आतल्या खोलीत असले तर मी आवाज खाली करायची. का करायची, याचा विचार मी केला नाही.

डोंगरातली पहिली माणसं आली ती पहिल्याच दिवाळीनंतर. तिकडचा एक पावरा आदिवासी, त्याची बायको आणि तिच्या कडेवर तापानं फणफणलेलं मूल. एसटी स्टँडवर उतरून “गुर्जी कोठे ऱ्हास?” असं विचारत विचारत ती आमच्या गल्लीत पोचली होती. नाना त्यांना बघून उभे राहिले. इतक्या महिन्यांत त्यांना मी इतक्या चटकन उठताना पाहिलं नव्हतं. त्यांच्याशी ते त्यांच्या बोलीत बोलले, हसले, मुलाच्या कपाळाला हात लावला आणि त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले.

मग ती रीतच पडली. कुणाला दवाखाना, कुणाला कोर्टाची तारीख, कुणाला सातबारा. डोंगरातला माणूस धुळ्यात उतरला की आमच्या ओट्यावर यायचा आणि बसायचा. मागायचा काहीच नाही. बसायचा, बस. धुळं त्याला कोर्टात बोलवत होतं, कचेरीत बोलवत होतं, पण खिडकी कुठली हे सांगायला धुळ्यात कुणी नव्हतं. एक नाना होते. शाळा सुटली की ते या लोकांबरोबर खिडकी ते खिडकी फिरायचे. आणि भाकरी आईच्या गळ्यात. रोज दोन माणसं, कधी पाच, कधी सात. पाणी नळाचं, नंबर लावून आणलेलं. आई एकदा परातीवर पीठ आपटून म्हणाली, “मी नवरा मांगा, नि बठ्ठा डोंगर घर ऊना!” म्हणजे मी नवरा मागितला आणि सगळा डोंगरच घरी आला. नाना बाहेर ऐकत होते. ते आत आले, बाजूला बसले आणि भाकऱ्या भाजू लागले. त्या करपल्या. आईनं त्यांना उठवलं.

गल्लीत बोलणं सुरू झालं. घरमालक म्हणाला, ही धर्मशाळा नाही. मला लाज वाटायची. कचेरीतून येताना ओट्यावर धुळीनं भरलेले पाय दिसले की मी मागच्या दारानं आत जायची. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आई म्हणायचीच, पण हा राग मी पाच वर्षं गिळला. नानांचा धाक होता म्हणून नाही. ते इतके थकलेले दिसत की त्यांच्यावर ओरडायचं कसं, हेच कळत नसे.

एकाहत्तर साली मला बघायला जळगावची माणसं आली. मुलगा बँकेत, स्वतःचं घर. माझं वय पंचविशीला टेकलेलं, तेव्हा असं स्थळ येणं म्हणजे देव पावला असं आई म्हणत होती. आठवडाभर आधी मी नानांना बजावलं होतं, त्या दिवशी ओटा रिकामा हवा. ते हो म्हणाले होते. पण डोंगराला आमचा कार्यक्रम कुणी कळवला नव्हता. दुपारी दोनला पाच माणसं आली, झोळीत एक पोटुशी बाई घेऊन. तिला ओट्यावर आडवं निजवलं आणि नाना टांगा आणायला धावले. तेवढ्यात जळगावकर आले.

त्यांना त्या बाईच्या पायाशी वळसा घालून घरात यावं लागलं. मुलाच्या आईनं लुगडं घोट्यावर उचललं होतं, ते घरात आल्यावरही बराच वेळ सोडलं नाही. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेव्हा ओट्यावरून कण्हण्याचा आवाज येत होता. मुलाच्या वडिलांनी आईला विचारलं, “हे कोण, आपल्याकडचे गडी का?” आई म्हणाली, “नही, यास्ना शाळाना.” म्हणजे नानांच्या शाळेचे. तिनं आपल्या परीनं खरं ते सांगितलं. आठ दिवसांनी पत्र आलं, योग जुळत नाही. आणि अक्कानं बातमी आणली की जळगावात सांगतायत, त्या घरच्या ओट्यावर भिल्ल निजलेले असतात.

त्या संध्याकाळी मी नानांसमोर उभी राहिले. ते ओट्यावर एकटेच होते. मी म्हटलं, “तुम्हाला तेच लोक प्यारे होते तर तिथंच राहायचं होतं. कशाला आलात खाली? आमचं वाटोळं करायला?” आणखीही बोलले. पाच वर्षांचं साठलेलं होतं, सगळं बाहेर पडलं. आई दारात येऊन उभी राहिली.

नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, अर्ज मी कुठं केला होता?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. बाकीचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. हुकूम निघायच्या आधी शहाद्याला साहेब दौऱ्यावर आला होता. त्यानं नानांना बोलावून घेतलं आणि अर्ज पुढे ठेवला. म्हणाला, गुरुजी, मागच्याच वर्षी तुम्ही लिहून दिलंत की मला इथंच राहू द्या, आणि आता हे? सही तुमचीच ना? “मी बघितली,” नाना म्हणाले. “सही छान जमली होती. पण वरचा मजकूर तुझा. तुझा हात धरून पाटीवर मी गिरवून घेतलंय, मला ओळखू येणार नाही? नाही म्हणालो असतो तर तुझी नोकरी गेली असती, वर चौकशी. म्हटलं, माझीच.”

मी विचारलं, “मग तेव्हाच का नाही बोललात?”

“काय बोलायचं? घरानं बोलावलं होतं. बोलावलं म्हणून कुणी रागवतं का?”

दारातून आई म्हणाली, “तुमले तठे चांगलं वाटे?” नानांनी तिच्याकडे बघून होकाराची मान हलवली. दहा वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. आई आत गेली आणि चुलीपुढे बसली. त्या रात्री तिनं जेवणाचं कुणाला विचारलं नाही.

मी म्हटलं, “परत अर्ज करू या. खरा.” नाना हसले. म्हणाले, “आता गुडघे चढायचे नाहीत. आणि हिला परत एकटं ठेवू?” मग म्हणाले, “माझं काही नाही गं. शाळा बंद आहे त्याचं वाटतं. पाच वर्षं झाली. हुकूम निघतो, मास्तर निघत नाही. दर वर्षी कुणाची तरी आई आजारी पडते.”

ते मला टोचून बोलले की सहज बोलले, मला आजही सांगता येत नाही. त्या अर्जांतली प्रत्येक आजारी आई माझी होती. मी तिथून उठले, आत गेले आणि नळाखाली बादली लावली. नळाला पाणी नव्हतं.

यानंतर मी बदलून गेले वगैरे काही नाही. स्वभाव आणि डोकं तेच राहिलं. फक्त मागच्या दारानं जाणं सोडलं आणि आईच्या हाताखाली भाकऱ्या भाजू लागले. पुढच्या जूनमध्ये एक मास्तर हुकूम घेऊन आला, त्याच पाड्याचा. मी म्हटलं, मी लिहीत नाही. तो गयावया करू लागला तेव्हा मी त्याच्यावर खेकसले, की जाऊन तर बघा एकदा, तिथं वाघ नाही. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. मग त्यानं बाजूच्या गल्लीतून अर्ज लिहून घेतला. पंधरा दिवसांत त्याचं रद्द झालं. धुळ्यात चांगल्या अक्षराला तोटा नव्हता.

माझं लग्न उशिरा झालं, धुळ्यातच. ते सांगण्यासारखं नाही.

नाना अठ्ठ्याहत्तर साली गेले. निवृत्त झाल्यावरही त्यांचं ते खिडक्या फिरणं चालूच होतं; शेवटचे दोन महिने तेवढे अंथरुणाला खिळले, अर्जातल्यासारखे नव्हे, खरेच. दिवसकार्याला सकाळी ओट्यावर डोंगरातली बारा-चौदा माणसं बसलेली होती. त्यांना कुणी कळवलं, ठाऊक नाही. जळगावची, चाळीसगावची पाहुणेमंडळी आत बसली, ही बाहेर. आईनं मला सांगितलं, बठ्ठास्ले मजार बसाड, म्हणजे सगळ्यांना आत बसव.

नानांचा फोटो पाटावर ठेवला होता. त्याच्याखाली नाव आणि सालं मी पुठ्ठ्यावर लिहिली होती, टाकानं, मोठ्या अक्षरात. तिशीचा एक पावरा फोटोपुढे बसला आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत त्यानं नाव वाचलं, मोठ्यानं, शाळेत वाचतात तसं. शेवटी ‘गुरुजी’ लिहिलेलं होतं, तेही वाचलं. वाचून झाल्यावर रडला. त्याच्या शेजारी त्याची बहीण होती, अठराएक वर्षांची. तिनं त्या पुठ्ठ्याकडे बघितलं आणि भावाला विचारलं, कुठं लिहिलंय गुर्जी? त्यानं बोटानं दाखवलं. मी तिला म्हटलं, तूही वाच ना.

तिनं लाजून मान हलवली. म्हणाली, “माले येत नही, बाई. मन्हा वखतले मास्तरच ऊना नही.”